शनिवारची पांढरी फांदी

सोमीचा फोन आला तेव्हा मी कामोठ्याला लेकीकडे होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. नात शाळेच्या रिक्षात बसायच्या घाईत होती आणि मी तिच्या डब्याचं झाकण शोधत होते. सोमी म्हणजे आमच्याकडे रानभाज्या घेऊन येणारी कातकरी बाई. इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही फोन केलेला नव्हता. "मावशे, तुमी लगोलग या," ती म्हणाली. "मोठी बाय दार उघडत नाय. मागच्या खिडकीतून दिसतंय, खुर्चीत बसलीय. हाका मारल्या, बघत नाय." मी विचारलं, झोप लागली असेल का. सोमी एवढंच म्हणाली, "मावशे, तुमी या."

कामोठ्याहून पनवेल ते काय लांब. पण त्या रिक्षात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चाचपत होते, शेजारच्या सिप्पोराताईंच्या दाराची माझ्याकडची किल्ली. सिप्पोराताई मागच्या खिडकीशी त्यांच्या वेताच्या खुर्चीत होत्या. अंगावर शाल, चष्मा नाकावर, तोंड अंगणाकडे. बाहेर पांढऱ्या बडलियाचं झुडूप भरात होतं आणि उन्हं आल्यामुळे त्यावर पाच-सहा फुलपाखरं बसली होती. डॉक्टर म्हणाले, पहाटे केव्हातरी, त्रास झाला नसावा. त्यांच्यात दफनाला उशीर करत नाहीत. दुपारपर्यंत ठाण्याहून, अलिबागकडून त्यांची माणसं आली आणि संध्याकाळच्या आत सगळं आटोपलंसुद्धा. मला रडायला सवड मिळाली ती दुसऱ्या दिवशी, भात लावताना. तांदूळ धुतले, धुवणाचं पातेलं हातात धरलं आणि तिथेच ओट्याखाली बसले. तांदळाच्या धुवणाचा आणि माझ्या रडण्याचा काय संबंध, ते पुढे येईल. खरं तर तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

सिप्पोराताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठ्या. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, घरातल्या. एके काळी पनवेलात त्यांच्या माणसांची घरं बरीच होती; एकेक करून बहुतेक सगळी इस्रायलला गेली. धाकटी बहीण रिबेका लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. सिप्पोराताई आधी आईसाठी राहिल्या, मग नोकरीसाठी, आणि मग विचारलं की म्हणायच्या, "बघू." लग्न केलं नाही. रसायनीकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. दूध आलं तरी आधी हुंगून, बोट बुडवून बघणार आणि मग गाळणार.

आमची ओळख भांडणातून झाली. मी पोस्टात, रजिस्टरच्या खिडकीवर. एका सोमवारी या बाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझं पत्र परवा पोस्टमननं घरी आणलं होतं. मी घेतलं नाही. आता द्या." मी विचारलं, घरी होता तर घेतलं का नाही. म्हणाल्या, "शनिवार होता. शनिवारी मी सही करत नाही." त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हटलं, सही करायला काय मुहूर्त लागतो का? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला आठवड्यातून एक दिवस कुणी काम सांगितलं नाही, तर तुम्ही भांडाल का हो?" मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मी पत्र दिलं. पाकिटावर परदेशी तिकीट होतं. ते मुलीच्या संग्रहासाठी मला हवंसं वाटलं, पण मागायची लाज वाटली. पुढच्या सोमवारी त्याच खिडकीवर त्यांनी ते तिकीट, पाण्यात भिजवून सोडवलेलं, टिपकागदात घालून आणून दिलं.

पुढे आम्ही त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या शेजारी, तळमजल्याचं घर घेतलं. मागे दोघींना मिळून एक अंगण. तिथून मी त्यांच्या शनिवारची माणूस झाले. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्या दिव्याचं बटण दाबायच्या नाहीत, गॅस पेटवायच्या नाहीत, झाडाचं पान तोडायच्या नाहीत, पाणी घालायच्या नाहीत. आणि गंमत अशी की हे कर, ते कर, असं दुसऱ्याला सांगायचंही नाही. मग त्या विचारायच्या, "मंगल, तुला अंधारल्यासारखं वाटतंय का गं?" मला लगेच अंधारल्यासारखं वाटायचं आणि मी दिवा लावायची. "आज ऊन कडक आहे नाही?" म्हणजे कुंड्यांना पाणी. वर्षानुवर्षं शनिवारचं पाणी मीच घातलं.

झाडं त्यांना कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लागली, आणि लागली तीही एकाच जातीची. बडलिया. इंग्रजीत त्याला फुलपाखरांचं झुडूप म्हणतात. मला वाटायचं झाड म्हणजे झाड, पण त्यांनी एकेकाचा असा काही अभ्यास केला की मला ती माणसं वाटायला लागली. सुरुवात पांढऱ्यापासून झाली. सोमी एकदा थंडीच्या दिवसांत शेवग्याच्या फुलांची भाजी घेऊन आली, तिच्या अंबाड्यात एक पांढरा तुरा खोवलेला. लहान लहान फुलांचा, शेपटीसारखा खाली वाकलेला. सिप्पोराताईंनी भाजी बाजूला ठेवली. "हे कुठलं गं सोमी?" "वढ्याला हाय ना. लय हाय. दगडातपन येतं." "तुम्ही काय म्हणता याला?" "काय नाय म्हनत. गुरं खात नाय त्याला." सिप्पोराताईंनी पान उलटं केलं, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि मला दिलं. वरून हिरवं, खालून पांढरट, बारीक लव असलेलं. "पान उलटं करून बघायचं मंगल, तिथं कळतं," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला सोमी मुळासकट रोप घेऊन आली. ते मागच्या भिंतीशी, जिथे बिल्डरनं पुरलेल्या विटांच्या तुकड्यांमुळे माझी तुळससुद्धा जगली नव्हती, तिथे लावलं. दोन वर्षांत ते आमच्या डोक्यावर गेलं. थंडी पडली की फुलायचं ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. दिवसा वास बेताचा, संध्याकाळी मात्र असा सुटायचा की वरच्या मजल्यावरची माणसं अत्तर कुणी लावलं म्हणून विचारायची.

पिवळा आला मादागास्करहून, म्हणजे मूळचा तिकडचा; आमच्याकडे आला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या कुंपणावरून, फाटा छाटून. हा काही सरळ उभा राहणारा नव्हे. लांब लांब फोकांनी जो आधार दिसेल त्याला मिठी मारायचा. आधी पिवळी आणि मग नारिंगी होत जाणारी फुलं, थंडीतच, आणि नंतर बारीक जांभळट फळं. बाकीच्यांना सुक्या बोंडांत धुळीसारखं बी, याला मात्र रसाळ फळ, हे त्यांना फार विशेष वाटायचं. मला विशेष वाटलं ते असं की एका वर्षी तो माझ्या कपड्यांच्या दोरीवर चढला आणि मी सुट्टी संपवून आले तर माझी दोरी फुललेली. मी कात्री घेऊन गेले. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काप. पण आधी बघ कोण बसलंय." काळ्या मखमलीवर निळं शिंपडावं तसं एक मोठं फुलपाखरू, नीलवंत, त्या दोरीवर होतं. मी दुसरी दोरी बांधली.

त्याच सुमारास लिंबावरून आमचं वाजलं. लिंब माझं, लोणच्यासाठी लाडानं वाढवलेलं. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या झाल्या आणि मी फवारा आणला. सिप्पोराताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुझ्या नीलवंताची पोरं आहेत ती. बडलियावर मोठी माणसं जेवायला येतात फक्त. अंडी घालायला त्यांना तुझं लिंबच लागतं, कढीपत्ता लागतो. बडलियाचं पान ती खात नाहीत." म्हणजे जेवायला त्यांच्याकडे आणि बाळंतपण माझ्याकडे, मी म्हटलं. तशी त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या वर्षी लोणचं अर्ध्या बरणीचंच झालं.

माझीही एक फजिती सांगायला हवी. त्यांच्या पंच्याहत्तरीला मी पळस्प्याजवळच्या नर्सरीतून मोठ्या दिमाखात एक झाड आणलं. चिठ्ठीवर लिहिलेलं, निळं फुलपाखरू झुडूप. निळी, खरोखर पंख पसरल्यासारखी फुलं, मिश्यांसकट. सिप्पोराताईंनी पान उलटं केलं, अंगठा फिरवला. लव नाही. "मंगल, हे भारंगीच्या घरातलं आहे," त्या म्हणाल्या. "फूलच फुलपाखरासारखं दिसतं म्हणून नाव. याच्याकडे भुंगे येतील." सोमी तिथेच होती. ती म्हणाली, "भारंगी हाय तर भाजी व्हईल." भाजी काही केली नाही. ते तोतयाचं झाड त्यांनी पिवळ्याच्या शेजारी लावलं आणि आल्यागेल्याला सांगत राहिल्या, "हा मंगलचा बडलिया."

आता जांभळ्याविषयी. हे लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. जांभळा म्हणजे डेव्हिडी, सगळ्या जगात बडलिया म्हणतात तो हाच. चीनच्या डोंगरांतला. हातभर लांब, ताठ तुरा, जांभळ्या फुलाच्या मध्यभागी नारिंगी टिकली, मधासारखा वास. थंडी संपताना त्याला गुडघ्याएवढा छाटावा लागतो, कारण फुलं येतात ती नव्या फुटीवर. त्याला ऊन हवं, मोकळी माती हवी, आणि पायाशी पाणी तुंबलेलं अजिबात नको. पनवेलमध्ये जून ते सप्टेंबर त्याचं काय होणार, ते सांगायला नको. रिबेकाच्या तिकडच्या अंगणात तो होता. दर वर्षी त्यांच्या नव्याच्या सणाचं, म्हणजे नव्या वर्षाचं, कार्ड यायचं, ते माझ्याच खिडकीवरून जायचं, आणि त्यात एकदा कागदाच्या पुडीत चिमूटभर बी आलं. पहिलं रोप पहिल्या पावसाळ्यात गेलं, दुसरं दुसऱ्या. रिबेका फोनवर सारखी म्हणायची, "सिपू, ये आता इकडे. एकटी काय करतेस तिथं?" आणि तिसरं रोप धरलं तेव्हा सिप्पोराताई तिला म्हणाल्या, "हा एक पावसाळा त्याला काढू दे. तो टिकला तर मी येते." मी तिथेच वाटाणे सोलत होते. मला वाटलं, बाई नेहमीसारखं उडवून लावतायत.

पण त्या उडवून लावत नव्हत्या. या खेपेला त्यांनी कुंडीत माती कमी आणि खडी, रेती, विटांचा चुरा जास्त घातला, कुंडी चार विटांवर उचलून ठेवली, वर पत्रा. जून गेला. जुलै गेला. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात त्याला पहिला तुरा आला आणि त्याच आठवड्यात त्यांच्या माळ्यावरची बॅग खाली आली. त्यांनी ती पुसून उन्हात ठेवली. बॅगेचं कुलूप मला दाखवून म्हणाल्या, "चालतंय अजून." चांगलं आहे की, असं म्हणून मी घरात आले. माझे यजमान जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. लेक सासरी. संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला म्हणून मला जे एक माणूस होतं, ते बॅग उन्हात घालत होतं. त्या संध्याकाळी सिप्पोराताई तलावावर फेरी मारायला गेल्या. मी भात लावायला तांदूळ धुतले. धुवणाचं पातेलं घेऊन मागे गेले, आणि ते एरवी लिंबाला घालते, ते जांभळ्याच्या कुंडीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. बारा-तेरा दिवस ओतलं. पोस्टात इतकी वर्षं काढली. कुणाचं साधं कार्ड मी एक दिवस अडवलं नाही. हे मात्र केलं.

खालची पानं पिवळी पडली, मग वरची माना टाकायला लागली. गणपतीच्या आधी तो गेला. सिप्पोराताईंनी मुळं उपटून बघितली, काळी, लिबलिबीत. माझ्यासमोर रिबेकाला फोन लावला आणि म्हणाल्या, "गेला गं. पाऊस मानवला नाही त्याला." बॅग परत माळ्यावर गेली. वर चढवताना स्टुलावर मीच उभी होते. त्यानंतर सहा-सात वर्षं मी त्यांच्यासाठी जे जे केलं, पिवळ्याला तारा बांधल्या, डॉक्टरकडे नेलं, शनिवारचे दिवे लावले, ते प्रेमानं केलंच, पण त्यात ही एक गोष्ट कायम खाली बसलेली होती. सांगावंसं रोज वाटायचं. सांगितलं नाही.

पांढऱ्या फांदीचं आता सांगते. शनिवार संपताना त्यांच्यात एक छोटा विधी असतो. मेणबत्ती लावायची, भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत घ्यायचं आणि काहीतरी सुवासिक हुंगायचं. गेलेल्या दिवसाचा वास जवळ ठेवून आठवड्याला लागायचं, असं त्या सांगायच्या. कुणी लवंगा घेतं, कुणी सब्जाची फांदी. सिप्पोराताई थंडीच्या दिवसांत पांढऱ्या बडलियाची घ्यायच्या. तीन तारे दिसल्याशिवाय फांदी तोडायची नाही, म्हणून आम्ही दोघी अंगणात माना वर करून बसायचो. आता पनवेलच्या आकाशात तारे सापडणं मुश्किल, त्यात विमानतळ सुरू झालेला. मी म्हणायची, तो बघा तिसरा. त्या म्हणायच्या, "चालणारा तारा धरायचा नाही." मग फांदी तोडून त्या आपली प्रार्थना पुटपुटायच्या, हुंगायच्या आणि मला द्यायच्या. मी हुंगून परत त्यांच्या हातात. मला वाटतं, या एवढ्या देण्याघेण्यावर आमची वर्षं गेली.

त्यांच्या शेवटच्या शनिवारीही असंच झालं. फांदी माझ्याकडून परत घेतली आणि म्हणाल्या, "मंगल, कपाटातली माझी झाडांची वही आण. डेव्हिडी, तिसरं रोप, ते पान काढ आणि मोठ्यानं वाच. माझा चष्मा आत राहिलाय." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी पान काढलं. प्रयोगशाळेत लिहावं तसं, आकडे घालून लिहिलेलं. मी वाचायला लागले. "एक. खालची पानं पिवळी. दोन. चार दिवस पाऊस नाही, वर पत्रा, तरी माती ओली. तीन. मातीला आंबूस वास, चिलटं. चार. आयोडीन, दोन थेंब. निळं." तिथे मी वाचायची थांबले. पिष्ट असलं की आयोडीन निळं होतं, हे शाळेत बटाट्यावर आपण सगळ्यांनीच करून पाहिलेलं असतं.

"पाचवा मुद्दा आहे," त्या म्हणाल्या.

पाचवा मुद्दा दोनच शब्दांचा होता. "कारण, मंगल."

"आणि सहावा."

"कुंडी हलवली नाही."

मी वही मिटली. मग मीच विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" "पाचव्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मग बोलला का नाहीत ताई? कुंडी उचलून आत घेतली असती तर जगला असता तो." त्या फांदी बोटात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "जगला असता ना. मग मला जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं गं. पण रिबेकाला तसं तोंडानं म्हणवत नव्हतं. आईला मी सांभाळलं, तिनं तिकडे एकटीनं संसार केला, तिचा एवढा हट्ट... आणि तू रोज पातेलं घेऊन यायचीस. तू ओतत होतीस, मी कुंडी जागेवर ठेवत होते. दोघींनी मिळून मारलं आपण त्याला." मला रडू आलं. त्या मात्र हसत होत्या. म्हणाल्या, "तलावावरून मी मुद्दाम उशिरा यायचे, तुझं ओतून व्हावं म्हणून."

आणि पुढे म्हणाल्या, "रिबेकाला अजून वाटतं, पावसानं अडवलं. परवा परत बी पाठवते म्हणत होती. मला सांगणं जमलं नाही. तुला जमलं तर कधीतरी सांग. माझ्यावर घाल सगळं, मला चालेल." मी म्हटलं, तुम्हीच सांगा, काय घाई आहे. "घाई कुठे आहे," त्या म्हणाल्या आणि फांदी पेल्यात ठेवली. रविवारी मी कामोठ्याला गेले. मंगळवारी सोमीचा फोन आला.

त्यांच्या दुखवट्याच्या सात दिवसांत रिबेकाताईंनी व्हिडिओ फोन केला. त्यांना या वयात इतका प्रवास झेपणारा नव्हता. चेहरा अगदी सिप्पोराताईंचा, फक्त केस रंगवलेले. म्हणाल्या, "मंगल, अंगण दाखव." मी पांढरा दाखवला, पिवळा दाखवला, माझा तोतयाही दाखवला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा जांभळा जगला असता तर ती आज माझ्याजवळ असती. पाऊसच नडला." आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "हो ना, त्या वर्षी पाऊस फार होता." एवढं बोलून मी फोन ठेवला, आणि मला माझीच शिसारी आली. ज्या बाईनं सहाव्या मुद्द्यापर्यंत सगळं खरं लिहून ठेवलं, तिच्या अंगणात उभं राहून मी हे बोलले होते.

नंतरचे दोन शनिवार तसेच गेले. तिसऱ्या शनिवारी मी ठरवलं. आपल्याकडे तीन तारे दिसतात तेव्हा इस्रायलमध्ये अजून दुपार असते, त्यांच्याकडचा शनिवार संपलेला नसतो. त्या फोनला हात लावत नाहीत. म्हणून साडेनऊच्या पुढे वाट बघत बसले आणि मग व्हिडिओ फोन लावला. सगळं सांगितलं. धुवण, तेरा दिवस, आयोडीन, वही. सिप्पोराताईंवर घालायची मुभा होती, पण माझं आधी सांगितलं आणि मग त्यांचं. रिबेकाताई ऐकत होत्या. त्यांच्या मागे घरात कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "मी दर नव्याच्या सणाला तिची खाट घालून ठेवायचे. या वर्षीही घातली होती."

मी विचारलं, "रिबेकाताई, ठेवू का फोन?" "नको," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं. मग विचारलं, "तांदूळ कुठला होता?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "कोलम."

"वाड्याचा?"

"हो."

"इथे मिळत नाही तो," त्या म्हणाल्या. "खाऊनपिऊन गेला म्हणजे." आणि हसल्या, अगदी तसंच, ठसका लागेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, आज फांदी तोडलीस का. मी तोडली म्हटलं. तारे मोजलेस? मोजले, एक विमान होतं ते सोडून. "लहानपणी आम्ही भांडायचो, आधी कुणी हुंगायची यावरून," त्या म्हणाल्या. "आई तिलाच द्यायची आधी. मोठी ना ती." त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मात्र आता दर शनिवारी, त्यांचा दिवस संपला की, फोन येतो.

हा लेख रिबेकाताईंची मुलगी त्यांना वाचून दाखवणार आहे. म्हणून एवढंच लिहिते की पांढरा अजून महिनाभर तरी फुलेल. वेताची खुर्ची मी अंगणात आणून ठेवली आहे, माझ्या उजव्या हाताला, जिथे सिप्पोराताई बसायच्या. तिसरा तारा दिसला की फांदी तोडते. प्रार्थना मला येत नाही, त्या पुटपुटायच्या तेवढा वेळ नुसती थांबते. मग हुंगते आणि सवयीनं फांदी उजवीकडे पुढे करते. हात जरा वेळ तसाच राहतो. मग फांदी खुर्चीवर ठेवते, आत येते, भाताला तांदूळ धुते, आणि धुवण मोरीत ओतते.